शेवंतीमळ्याच्या पुलासाठी पात्र व्यक्ती

शेवंतीमळ्याचा पूल मंजूर झाला. आदेश निघाला, सही झाली, गोल शिक्का उमटला, आमदार अण्णांच्या संपर्क कार्यालयात पेढे आले आणि पहिला पेढा आणणाऱ्यानेच खाल्ला.

आता हे तुम्ही वाचलंच नाही असं धरून चला. पूल वगैरे काही मंजूर झालेला नाही. अजून जून महिना आहे, सिन्नरच्या बाजूला आभाळ नुसतंच भरून येतंय, आणि शेवंतीमळा वस्तीतली माणसं डोक्यावर फुलांच्या पाट्या घेऊन ओढा ओलांडतायत, तो एका सिमेंटच्या खांबावरून. खांब विजेचा. कधीकाळी कोणीतरी बदलला आणि तिथेच टाकून दिला. वस्तीने तो ओढ्यावर आडवा केला. रुंदी एक वीत. वस्तीला आजवर मिळालेली ही सर्वांत मोठी पायाभूत सुविधा, आणि तीही चुकून.

संजना गांगुर्डे अण्णांच्या नाशिकच्या कार्यालयात काम करायची. अण्णांची डायरी ठेवणं, निवेदनांना उत्तरं देणं, विधानसभेत विचारायच्या प्रश्नांचे मसुदे करणं आणि वर्षाच्या शेवटी रंगीत कार्यअहवाल काढणं, हे तिचं काम. अण्णांचा लोकसंपर्क दांडगा. मागच्या अहवालात तिने मोजून लिहिलं होतं: तीनशे चार लग्नं, एकशे नव्वद दशक्रिया विधी, सव्वीस बारशी आणि एका बैलाचा वाढदिवस. बैलाच्या वेळी अण्णा भावुक झाले होते.

जनसंवादाच्या दौऱ्यात अण्णा शेवंतीमळ्यालाही गेले. त्यांनी खांबावर एक पाय ठेवला, खाली पाहिलं, पाय काढून घेतला.

"हे असं नाही चालणार," अण्णा म्हणाले. आणि खरं सांगायचं तर मनापासून म्हणाले. परत येताना गाडीत ते कोणाशीच बोलले नाहीत, फोनवरसुद्धा.

दुसऱ्या दिवशी संजनाने पुलाचा प्रस्ताव भरायला घेतला. स्तंभ नऊमध्ये विचारलं होतं: 'गेल्या पाच वर्षांतील जीवितहानी.' तिने वस्तीवर फोन करून खात्री केली आणि लिहिलं, 'निरंक.'

शेजारच्या टेबलावर महेश बसायचा, अण्णांचा स्वीय सहायक. बावीस वर्षं याच खुर्चीत, पक्ष तीन. त्याने मान लांब करून वाचलं.

"निरंक? अगं, असं कोणी लिहितं का? दोन लिही."

"कोण मेलंय पण?"

"संजना, पाच वर्षांत कोणी ना कोणी मेलेलं असतंच. आपण फक्त कुठे ते लिहायचं."

"मी नाही लिहिणार."

महेशने हात जोडले. "बरं बाई. तू आणि तुझा निरंक."

संजनाचे वडील निवृत्त लेखनिक. कागदावरचं खोटं माणसापेक्षा जास्त जगतं, असं ते जेवताना सांगायचे, आमटी वाढून झाली की. तिने निरंकच ठेवलं.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. जीवितहानी निरंक असल्याने प्रस्तावास प्राधान्यक्रम चारशे सतरा देण्यात येत आहे. अण्णा चिडले. त्यांनी सभागृहात प्रश्न लावला, चांगला आवाज चढवून विचारला. छापील उत्तर आलं: सदर ओढ्यावर पूल नाही, हे खरे आहे. नागरिकांची गैरसोय होते, हे अंशतः खरे आहे. विलंबाच्या कारणांचा प्रश्न उद्भवत नाही.

हे उत्तर वस्तीवर जाऊन वाचून दाखवायची कामगिरी संजनाकडे आली. मारुतीच्या पारावर पंधरा-वीस माणसं जमली. तिने वाचलं.

"म्हंजी," कोंडाजीबाबा सावकाश म्हणाले, "माणूस मेला की पूल."

"असं लिहिलेलं नाही बाबा. प्राधान्यक्रम म्हणजे..."

"आम्हाला समजलं ताई," बहिरू म्हणाला. झेंडूवाला, चाळिशीचा, हिशोबी. "म्हैस चालंल का? मागल्या साली माझी गेली की वाहून."

संजनाने कागद उलटून पाहिला. "पशुहानीचं खातं वेगळं आहे."

"मग मीच बसतो कागदात," कोंडाजीबाबा म्हणाले. "शहात्तर झाले. गुडघे गेले. माझ्यासारखा पात्र माणूस गावात नाय."

"तुमच्यावर काय भरवसा?" त्यांची बायको लताबाई मागून म्हणाली. "उभा जन्म कुठलं काम धड केलं तुमी? पडाल अन् तरंगाल. वर गावाला बोलणी."

पार हसला. संजनाही हसली. मग तिच्या लक्षात आलं की बहिरू हसत नाहीये, तो बोटांवर काहीतरी मोजतोय. आणि त्याची नजर एकेका म्हाताऱ्यावरून फिरतेय. तिने घाईघाईने बैठक संपवली.

निघताना सावित्रीबाईने तिला गाठलं. पन्नाशीची, बारीक चणीची बाई. रोज पहाटे शेवंती-झेंडूची पाटी घेऊन खांबावरून जायची, पलीकडे जीप पकडायची, नाशिकच्या फुलबाजारात सगळ्यांच्या आधी बसायची. नवरा पुंजा मागच्या वर्षी घरात, खाटेवर, झोपेत गेला होता.

"बाय, एक बोलू का?" तिने पदर दातात धरून आजूबाजूला पाहिलं. "आमच्या ह्यांना लिही की. बुडाले म्हणून."

"मावशी, ते झोपेत गेले."

"मला म्हाईत हाय ना. मीच चहा घेऊन गेले व्हते." ती जवळ सरकली. "अगं, जितेपणी लय आळशी माणूस. एक काम केलं नाय. मेल्यावर एक करू दे त्याला. मी काय तक्रार करनार हाय का? तो करनार हाय?"

संजनाने वडिलांच्या आवाजात, आमटी न वाढता, सांगितलं, "खोटं लिहिलं आणि पकडलं गेलं तर पूल कायमचा जाईल, मावशी. जरा दम धरा. अण्णा पाठपुरावा करतायत."

"बरं," सावित्रीबाई म्हणाली. "तू शिकलेली. तुला कळतं." आणि तिने दोन शेवंत्या संजनाच्या पर्सच्या पट्ट्यात खोवल्या.

श्रावणातल्या सोमवारी झेंडूला भाव असतो. त्या सोमवारी वरच्या अंगाला रात्रभर पाऊस झाला होता, खांबावरून पाणी नव्हतं पण खांब ओला होता. पावणेसहाला सावित्रीबाई निघाली. पाटी दीड मैलावर सापडली, बंधाऱ्याच्या जाळीला. फुलं बरीचशी आतच होती. ती स्वतः दुपारी सापडली.

कार्यालयात महेशला फोन आला. फोन ठेवून तो संजनाकडे बघत राहिला. 'मी म्हणालो होतो' असं तो म्हणाला असता तर तिला बरं वाटलं असतं. त्याने तिच्यासाठी चहा सांगितला.

प्रस्तावाची सुधारित प्रत पाठवायची होती. स्तंभ नऊ. संजनाने निरंक खोडलं आणि वर लिहिलं, '१'. खाडाखोड केली की शेजारी सही करावी लागते. तिने केली.

दशक्रियेला अण्णा गेले. डायरीत त्या दिवशी आणखी दोन होत्या, अण्णांनी त्या रद्द केल्या. संजना बरोबर होती. तिच्या घरात पिंड, कावळे हे काही कोणी मानत नाही. नुसत्या मागच्या वर्षात एकशे नव्वद वेळा ती गाडीपाशी उभी राहून पुढच्या कार्यक्रमाची वेळ बघत आली होती. आज ती घाटाच्या पायरीपर्यंत आली.

पिंड ठेवला. कावळे होते, चांगले सात-आठ, समोरच्या बाभळीवर. एकही खाली येईना.

सावित्रीबाईचा मुलगा राज पुढे झाला. "आई, मळा इकनार नाय." कावळे जागचे हलले नाहीत. "आई, शुभांगीला नांदवीन नीट." सून शुभांगी रडता रडता वर बघू लागली, कारण हे तिला नवीन होतं. कावळे तसेच. लताबाई म्हणाली, तुझी उसनी पातेली देते गं. तेही चाललं नाही. अर्धा तास गेला. एक कावळा तर उडूनच गेला, जणू त्यालाही दुसरीकडे कार्यक्रम होता.

मग सगळ्यांच्या माना अण्णांकडे वळल्या.

अण्णा पुढे आले. चप्पल काढली. हात जोडले. "सावित्रीताई," ते म्हणाले, "तुमचा पूल होईल. हा माझा शब्द आहे."

बाभळीवर शांतता.

"कावळ्यांनी बी ऐकलेलं दिसतंय भाषण," लताबाई हळूच पुटपुटली.

"अण्णा," कोंडाजीबाबा म्हणाले, "तारीख सांगा. नुस्त्या शब्दाला नाय यायचा तो."

अण्णांचा चेहरा पडला. सभागृहात मंत्र्यांना घाम फोडणारा माणूस एका झाडाकडे बघत उभा होता. "एका महिन्यात," ते म्हणाले. "मंजुरीचा कागद. एका महिन्यात."

संजना पायरीवर उभी होती. ती कावळ्याशी बोलत नव्हती. तिचा त्यावर विश्वास नव्हता. तिने फक्त मनात म्हटलं, मावशी, मी लिहायला हवं होतं. तुमच्या नवऱ्याचं नाव लिहायला हवं होतं.

कावळा आला.

अण्णांनी डोळे पुसले. "ऐकलं ताईंनी," ते म्हणाले. संजनाला ते काही ठरवता येईना. दोन्ही वाक्यं जवळपास एकाच वेळी संपली होती.

अण्णांनी शब्द पाळला. महिनाभर ते रोज फोन करत होते, स्वतः दोनदा मुंबईला जाऊन बसले. प्राधान्यक्रम चारशे सतराचा तीन झाला. आदेशात कारणही दिलं होतं: 'स्तंभ ९ मधील अलीकडील नोंद विचारात घेता.' मग पेढे आले. त्यांचं काय झालं ते तुम्ही वाचलेलं नाही.

"अहवालात पहिल्या पानावर घे," अण्णा जाताना म्हणाले. मग दारातून परत आले. "नको. पहिल्या नको. आत कुठेतरी घे. आणि त्या बाईंचं नाव नीट लिही."

संजनाने अहवालाची फाइल उघडली आणि बंद केली. मग कार्यालयाचा कोरा कागद प्रिंटरला लावून एक पत्र टाइप केलं आणि महेशपुढे धरलं. त्याने एकदा वाचलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं.

"याला जावक क्रमांक कोणता देऊ?"

"पुढचा जो असेल तो."

महेशने मुकाट्याने रजिस्टर ओढलं, क्रमांक टाकला आणि शिक्का मारला. पत्र असं होतं:

'प्रति, मा. सक्षम प्राधिकारी. विषय: शुद्धिपत्रक निर्गमित करणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, मौजे शेवंतीमळा येथील पुलाच्या मंजुरी आदेशावर चालू वर्षाचा दिनांक पडलेला आहे. तो मागील वर्षाचा वाचण्यात यावा. एकच आकडा बदलावयाचा असल्याने शासनावर कोणताही अतिरिक्त भार पडणार नाही. सबब, त्या दिनांकानुसार पूल यथावकाश बांधून पूर्ण झाला होता असे गृहीत धरून, दिनांक ४ ऑगस्ट रोजी सकाळी पावणेसहा वाजता श्रीमती सावित्रीबाई पुंजा यांना त्यांच्या पाटीसह ओढ्यापलीकडे पोहोचू देण्यात यावे व तसे या कार्यालयास उलट टपाली कळविण्यात यावे, ही विनंती.'