चौकशी करून दमलेला हेडफोन

मित्रांनो, मी दमलोय. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मधेच आवाज खरखरला तर रागावू नका. ग्राहकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या एका कचेरीतला मी जुना हेडफोन आहे.

कारखान्यातून आलो तेव्हा काय रुबाब होता माझा! मला एका ताईच्या डोक्यावर चढवलं. शिकवणाऱ्या मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं, "इथे कुणी 'आस्क' करायचं नाही. 'इन्क्वायर' करायचं, 'रिक्वेस्ट' करायचं, 'व्हेरिफाय' करायचं. समोरचा कितीही तापला तरी!" सुरुवातीला ताईची जीभ अडखळायची, कानामागचा घाम माझ्या गाद्यांना लागायचा. मग असा सराव झाला की झोपेतसुद्धा ती 'मे आय इन्क्वायर' म्हणत असेल. मॅडम नव्या मुलींना तिचा आवाज ऐकवायच्या. मीही फुशारलो. पण वर्षानुवर्षं तेच ते ऐकून शेवटी माझे कान किटले हो.

परवा दुपारी शेजारच्या टेबलावरच्या वहिनींनी ताईला एक फोन जोडून दिला. त्या खुणा करत होत्या, पण ताईची नजर पडद्यावर. कामावर मोबाइल कपाटात ठेवायचा नियम, म्हणून तिच्या आईनं थेट कचेरीचाच नंबर लावला होता.

"अगं, सकाळपासून गरगरतंय मला. भिंत धरून उभी आहे."

ताई सवयीनं, गोड आवाजात म्हणाली, "सॉरी फॉर द इनकन्व्हिनियन्स, मॅम. मे आय इन्क्वायर..."

पलीकडून मग आई अदबीनं म्हणाली, "बाई, तुमच्या कामात व्यत्यय आणते. पण जरा माझ्या मुलीला देता का फोन?"

देवाशप्पथ, मला रडू आलं.

"आई, मीच आहे गं!"

"तू? मग अशी काय बोलतेस परक्यासारखी?"

"खाली बस आधी. काही खाल्लंस का? पाणी प्यायलीस? दाराची कडी काढून ठेव, मी निघालेच."

इतके साधे प्रश्न तिच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकले. तिनं मला उपटून टेबलावर टाकलं. माझ्या माइकची दांडी मोडली, पण तिला कुठलं भान! मॅडम आडव्या आल्या, "अगं, किती फोन थांबलेत!"

"थांबू देत," म्हणाली आणि गेलीच.

तेव्हापासून मी खणात पडून आहे. ताई अजून आलेली नाही. मला दुरुस्त करा असं काही मी म्हणत नाही, झालं माझं. पण जन्मभर चौकशा केल्या आणि आता एकच गोष्ट जाणून घ्यायचीय, तर मला तोंडच उरलं नाही. मित्रांनो, ताई कुठे दिसली तर माझ्यासाठी एवढं विचाराल? आई बरी आहे ना?