झुलालनं पेट्रोलची गाडी का घेतली

माझा धाकटा भाऊ झुलाल जन्माचा घुम्या. त्याच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे आटलेल्या विहिरीत पोहरा सोडायचा. त्यामुळे १९८९ च्या होळीनंतर तो चोपड्याजवळच्या आमच्या गावाहून धुळ्याला माझ्याकडे आला, पिशवी खुंटीला अडकवली आणि "अक्का, जुनी गाडी लेवानी शे," एवढंच म्हणाला, तेव्हा बाकीचं मलाच उकरून काढावं लागलं.

"कशाले रे?"

"चोपडा-यावल सीटा भरसू."

"आनि केळीले पानी कोन देई?"

यावर तो चहा प्यायला. संपलं बोलणं.

गाडी म्हटल्याबरोबर माझा जीव मात्र वरखाली व्हायला लागला होता. त्याचं कारण असं. तीन वर्षांपूर्वी गच्चीवर कुरडया वाळत घालून उतरताना जिन्यावरून माझा पाय घसरला आणि मी पाठीवर पडले. मणक्याला मार बसला. घरात हिंडा-फिरा, पण एसटीत बसायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. मी कसली ऐकते! एकदा हट्टानं बसले, तर नरडाण्याला उतरवून मला परत आणावं लागलं आणि पुढे महिना अंथरुणावर काढला. तेव्हापासून अक्षय्यतृतीयेच्या तीन आखाज्या हुकल्या. खानदेशात लेक दिवाळीला नाही गेली तरी चालतं, आखाजीला गेली नाही तर माहेरचा झोका रिकामा राहतो. आमची माय, ताईबाई, सत्तरी उलटलेली. गुडघ्यांनी तिला जागेवर बसवलेलं. ती इकडे येऊ शकत नव्हती आणि मी तिकडे जाऊ शकत नव्हते. दोघी जिवंत, दोघी शुद्धीवर, मध्ये फक्त तापी, आणि तीन वर्षं एकमेकींचं तोंड पाहिलेलं नाही.

मग भावाला सरळ विचारायचं ना, असं कोणी म्हणेल. म्हणणारी आमच्याकडची नसणार. लेक आपण होऊन माहेरी जात नाही. माहेराहून मुराळी मूळ घेऊन, म्हणजे लेकीला न्यायला, येतो, सासऱ्यांना विचारतो, ते हो म्हणतात, मग ती लुगडी पिशवीत भरते. स्वतःच्या तोंडानं मूळ मागणारी बाई मी पाहिलेली नाही आणि पहिला मान मिळवायची मला हौस नव्हती. पण गाडी चांगली निघाली तर भाड्याच्या सीटा भरायच्या आधी एकदा तरी याला बहीण आठवेल, अशी आशा मनात धरून बसले. आशेला काही मूळ लागत नाही.

कोणती गाडी घ्यावी, यावर मात्र धुळ्यात दुमत नव्हतं. डिझेल! आमचे हे जिल्हा परिषदेत कारकून, जन्मात सायकलीपलीकडे काही चालवलेलं नाही, पण उंटावरून शेळ्या हाकण्यात पहिला नंबर. "पेट्रोल म्हणजे पांढरा हत्ती पोसणं," ते जेवताना रोज सांगायचे. आणि या वेळी ते चुकत नव्हते, हे मलाही कबूल होतं. डिझेल निम्म्याहून स्वस्त. झुलालच्या विहिरीवर ऑइल इंजिन, त्यामुळे डिझेलचा पिंप पडवीत कायम भरलेला. ते इंजिन तो डोळे मिटून खोलायचा आणि जोडायचा. पेट्रोलच्या इंजिनाशी त्याची तोंडओळखसुद्धा नव्हती.

जुन्या गाड्यांचा दलाल उखर्डू यानं पहिल्यांदा जीप आणली. डिझेलची, सात-आठ माणसं सहज मावतील अशी. झुलालनं चाकांकडे पाहिलं नाही की रंगाकडे पाहिलं नाही. आधी बॉनेटवर तळहात ठेवला, मग धुराच्या पुंगळीत बोट फिरवून काजळी पाहिली, मग मला म्हणाला, "अक्का, तू भी चाल."

"मी काय करू गाडीमा?"

"मांगे कसं वाटस ते सांग."

पांझरेचा पूल ओलांडून आम्ही देवपूरला जाऊन आलो. दर खड्ड्याला कोणीतरी मणक्यात खिळा ठोकत होतं. पण मी ठरवलं होतं. ही गाडी घेतली आणि मला सोसवली, तर कदाचित! कण्हले तर आशाच संपली. उतरताना मी हसले देखील.

"मस्त शे. काहीच व्हत नही," मी म्हटलं.

झुलालनं माझ्याकडे नीट पाहिलं आणि उखर्डूला म्हणाला, "नको."

मला असा राग आला! इतकं सोसून पास केलेली जीप यानं एका शब्दात नापास केली.

चार दिवसांनी उखर्डूनं अँबॅसिडर आणली. पोटाला दगड लागणार नाही इतकी उंच, गाद्या मऊ, आणि पेट्रोलचं इंजिन काढून कोणीतरी त्यात डिझेलचं बसवलेलं. ह्यांनी तर गाडीभोवती प्रदक्षिणाच घातली. झुलालनं बॉनेटवर हात ठेवला. गरम होतं; तापलेलं इंजिन आपलं दुखणं दाखवत नाही.

"आते नही. सकाय दखसूत, गार व्हवावर," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो मला घेऊन न सांगता उखर्डूच्या दारात. गार इंजिन बराच वेळ कुरकुरलं, मग काळा धूर टाकून एकदाचं लागलं. गाद्या खरंच मऊ होत्या, खड्डा कळत नव्हता. पण गाडी नुसती उभी असली तरी थरथरायची, आणि ती थरथर सीटमधून वर येऊन कमरेत मुरायची. देवपूर येईपर्यंत माझा डावा पाय बधिर झाला.

"पाळनामा बठेल सारखं वाटस," मी म्हटलं. खोटं बोलायचं तर हात आखडता का घ्यायचा?

झुलालनं आरशातून मागे पाहिलं. "नको," तो म्हणाला.

आता उखर्डूचाही तोल गेला. "भाऊ, तुमनी बहीनले पसंद, दाजीले पसंद! तुम्हले गाडी लेवानी शे का नवरी?"

मनातून मी उखर्डूच्याच बाजूची होते. आखाजी जवळ येत चालली होती आणि हा शहाणा गाड्यांना नाकं मुरडत बसला होता. असाच परत गेला तर सगळंच मुसळ केरात.

तिसरी गाडी उखर्डूकडची नव्हतीच. देवपूरच्या मंजुळाबाईंचे यजमान वकील होते, ते वारल्यावर त्यांची अँबॅसिडर शेडमध्ये उभी होती. झुलालला तिचा पत्ता कुठून लागला कोण जाणे. आम्ही सकाळीच गेलो. मंजुळाबाईंनी आधीच हात वर केले.

"पेट्रोलची आहे हं. नंतर म्हणाल सांगितलं नाही. खाते भरपूर. पण वकीलसाहेबांना वेगाची भारी धास्ती, त्यामुळे तिचे हाल कधी झाले नाहीत."

बॉनेट गार होतं. झुलालनं किल्ली फिरवली आणि गाडी पहिल्या हाकेला उठली. आवाज एवढा कमी की चालू आहे का नाही ते पाहायला तो खाली उतरला. पुंगळीत बोट घातलं, रेडिएटरच्या पाण्यावर तेल तरंगतंय का पाहिलं, इंजिनवर हात ठेवून बराच वेळ उभा राहिला. मग मला म्हणाला, "बठ."

मी बसले, आणि नेहमीप्रमाणे खोटं बोलायची तयारी करून ठेवली. गाडी आग्रा रोडला लागली. रस्त्याकडेच्या कडुनिंबांना मोहोर आला होता. खिडकीतून वारा येत होता. एवढंच मला आठवतं.

डोळे उघडले तेव्हा गाडी माझ्याच घरासमोर सावलीत उभी होती. ऊन चांगलंच वर आलेलं. झुलाल पुढे बसून होता.

"कथा गयतूत आपन?" मी दचकून विचारलं.

"सोनगीर जाई उनूत."

"मंग माले उठाडं काब्र नही?"

"निजेल व्हती तू."

त्याच दिवशी त्यानं ती गाडी घेतली. मी त्याला काय काय म्हणाले, ते विचारू नका. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! सीटा भरून जे मिळेल ते पेट्रोलपंपवाल्याच्या घशात! घरी डिझेलचा पिंप, हातात डिझेलची विद्या, आणि हा पेट्रोलची गाडी घेऊन निघाला! हे माझ्या मागे उभे राहून "बरोबर, बरोबर" म्हणत होते, ही आमच्या संसारातली दुर्मीळ गोष्ट. झुलालनं भाकरी संपवली, ताट धुऊन ठेवलं, "व्हई," म्हणाला आणि गाडी घेऊन गावी गेला. मला घेऊन जायचं नावसुद्धा काढलं नाही.

पुढचे दिवस वाईट गेले. आखाजी जवळ आली तशी आळीत मुराळ्यांची ये-जा सुरू झाली. शेजारच्या लताबाईंचा भाऊ आला, समोरच्या सुमनबाईंचा आला. बायका नवीन बांगड्या भरून, पिशव्या घेऊन निघाल्या. "तुमी नही जातस का?" असं कोणी विचारलं की मी डॉक्टरांवर ढकलायचे. घरातल्या भांड्यांना त्या दिवसांत पोचे बरेच आले. माय आता सांजोऱ्यांचं पीठ भिजवायला बसली असेल, हे मनात आलं की मी मोरीत जाऊन नळ सोडायचे, म्हणजे रडणं बाहेर ऐकू जात नाही.

आखाजीला दोन दिवस राहिले असताना दारात हॉर्न वाजला. झुलाल उतरला. धुतलेलं धोतर, नवी टोपी. माझ्याकडे न पाहता तो सरळ आत गेला आणि आमच्या सासऱ्यांच्या, नानांच्या समोर मांडी घालून बसला.

"नाना, अक्काले लेवाले उनू," तो म्हणाला.

मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले.

नाना म्हणाले, "अरे, पण डॉक्टर..."

"डॉक्टरले इचारीसनच उनू. सोनगीरलोंग जाई उनी, निजेल व्हती, हाई बठ्ठं सांगं. डॉक्टर म्हने, हयू हयू लई जा, वाटमा थांबत जा."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडावर काय दिसलं देव जाणे, पण ते लगेच म्हणाले, "ने बाबा. माझी काय ना आहे!"

आमच्या ह्यांना मात्र धीर नव्हता. "आणि त्या सीटांचं काय झालं?"

"पेट्रोलमा सीटा परवडतस नही, दाजी. नही भरसू."

"मग डिझेल का नाही घेतलीस? मी कंठशोष करून सांगत होतो!"

झुलालनं टोपी काढली, मांडीवर ठेवली. मग म्हणाला, "डिझेलमा अक्काले झोप लागती नही."

मग मलाच कंठ फुटला, आणि माझा कंठ फुटतो तो भांडणासाठीच.

"माले पहिले सांगं काब्र नही रे मेल्या? महिनाभर जीव टांगीसन ठेवा मना!"

"तुले सांगतू ते तू बैलगाडीमा भी 'काही व्हत नही' म्हनती," तो म्हणाला. "तशी भी खोटंच बोलनी तू. जीपमा तुना हात दखात मी. नुसता पांढरा पडेल व्हतात. तोंडनं खोटं बोलता येस. झोपनं सोंग त्या गाडीमा कोनले जमाव नही."

इतकं लांब बोलताना मी त्याला त्याआधी ऐकलं नव्हतं आणि त्यानंतरही ऐकलं नाही. मी गाड्यांची परीक्षा पाहत होते आणि तो माझी. सगळ्या दुनियेनं सांगितलेलं इंजिन त्यानं सोडलं, मनातला धंदा सोडला, आणि ज्या यंत्रातलं त्याला ओ का ठो कळत नव्हतं ते घरी नेऊन महिनाभर त्याचे प्लग आणि कार्ब्युरेटर शिकत बसला. का, तर त्यात बहिणीची पाठ दुखली नाही. असा भाऊ मागून मिळत नाही. मला न मागता मिळाला, आणि त्याबद्दल देवाचे किती आभार मानू हे मला आजही कळत नाही.

गाडीत त्यानं मागच्या सीटवर गोधडी अंथरली होती. आम्ही शिरपूरच्या वाटेनं निघालो. तापीच्या पुलावर त्यानं गाडी इतकी हळू केली की मागचे ट्रकवाले शिव्या देत पुढे गेले. तासाभरानं तो थांबायचा, मी उतरून चार पावलं चालायचे, पुन्हा बसायचे. या वेळी मी झोपले नाही. मला सगळं पाहायचं होतं. चोपडा मागे पडलं, केळीचे मळे लागले, लांबवर सातपुडा दिसायला लागला, आणि आमच्या गावच्या दगडी वाटेवर तो असा चालवत होता, की बैलसुद्धा आमच्यापुढे गेले.

अंगणात माय खाटेवर बसली होती. तिच्या हातात भाकरीचा तुकडा तयार होता. मी चालत तिच्याजवळ गेले. कोणाचा हात धरावा लागला नाही. तिनं तुकडा माझ्यावरून ओवाळून टाकला, आणि मग माझ्या पाठीवर हात ठेवून तो मानेपासून कमरेपर्यंत सावकाश फिरवत राहिली, एक एक मणका चाचपून पाहावा तसा.

"दुखस का व माय?" तिनं विचारलं.

"नही," मी म्हटलं, आणि ते खरं होतं.

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि पोटभर रडले. ती पण रडली. झुलाल तेवढा वेळ गाडीचं बॉनेट उघडून आत डोकं घालून उभा होता, आणि इंजिनला काहीही झालेलं नव्हतं.