वरच्या खोलीतली भुरी

लिओना पेल्टिएनं घराचा वरचा मजला वेल्डनला भाड्यानं दिला तेव्हा त्यानं काहीही लपवलं नव्हतं. डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळालेलं गांजाचं कार्ड त्यानं टेबलावर ठेवलं. मागच्या खोलीत आपण औषधापुरती झाडं लावणार, कायद्याची आडकाठी नाही, पण घर दुसऱ्याचं म्हणून मालकिणीची लेखी संमती हवी, असं सरळ सांगून टाकलं. लिओनानं चष्मा लावून कागद वाचला, सही केली आणि ताठ मानेनं म्हणाली, "कायद्यात बसतंय ना? मग लाव बाबा. पण मला ते बघायचं नाही हं, आधीच सांगते."

आता हे शेवटचं वाक्य तिला बोलायला कुणी सांगितलं होतं? मालकीणपणाचा आब राखायला म्हणून ती बोलून गेली आणि स्वतःच्याच शब्दांत अडकली. कारण लिओना म्हणजे शेजारणीच्या खिडकीत नवीन कुंडी दिसली तरी त्या झाडाचं कूळ-मूळ विचारणारी बाई. तिच्या स्वयंपाकघराच्या बरोबर वर, तिनं जन्मात न पाहिलेलं झाड वाढत होतं, आणि तिला जिना चढायची सोय नव्हती.

मग आडून आडून चौकशी सुरू झाली. वेल्डन पत्रपेटीकडं निघाला की ही झाडू घेऊन पायरीवर हजर.

"तो पंखा सारखा घरघरतो रे. झाडांना उकडतं की काय?"

"वारा लागला की खोड घट्ट होतं, मिसेस पेल्टिए."

"अस्सं. आणि दिवसा कधी जिन्याखालून बघितलं तर दाराच्या फटीत उजेड दिसत नाही तो?"

"दिवसा झोपलेली असतात. संध्याकाळी घड्याळावर आपोआप दिवा लागतो. त्यांना अर्धा दिवस मिट्ट काळोख लागतो, नाहीतर फुलत नाहीत."

हे आपल्याला ठाऊकच होतं अशा थाटात लिओनानं मान डोलावली आणि आत जाऊन बहिणीला फोन लावला. "क्लोडेट, झाडं झोपतात म्हणे दिवसा!"

"झाडं झोपतात आणि तू जागी," पलीकडून क्लोडेट म्हणाली. ती थोरली, बटाट्याच्या शेतांपलीकडं राहायची आणि या भाडेकरूवर पहिल्यापासून तिचा राग होता. "आख्ख्या खोऱ्यात तुला दुसरा माणूस मिळाला नाही? उद्या घराला वास मारेल, मग बस नाक धरून."

वास होताच. ओल्या देवदाराचा, थोडा लिंबाच्या सालीचा. लिओनाला तो आवडायचा, पण ते तिनं क्लोडेटला मरेपर्यंत सांगितलं नसतं.

वेल्डन पन्नाशीतला. कागदाच्या गिरणीत ओंडक्यांची थप्पी घसरून त्याच्या पाठीवर आली आणि तेव्हापासून उजवा पाय त्याच्या ताब्यात राहिला नाही. मनात येईल तेव्हा त्यात गोळा उठायचा आणि पाय जमिनीवर धाडधाड आपटायचा. तो राहायला आला त्या सुरुवातीच्या महिन्यांत लिओनाला छतातून ते ऐकू यायचं आणि तिच्या हातातली कढई तशीच राहायची. मग वर पहिलं पीक निघालं आणि आवाज थांबला.

"गावातल्या गांजाच्या दुकानातलं सगळं घेऊन पाहिलं," त्यानं एकदा सांगितलं होतं. "कशानं डोकं गरगरतं, कशानं नुसती झोप येते. पाय गप्प बसतो तो या एकाच वाणानं. आता जे पीक उभं आहे ना, त्यात माझा आख्खा हिवाळा निघेल."

ऑक्टोबर लागला, शेतांतले बटाटे निघाले, शाळांना बटाट्याच्या काढणीसाठी मिळणारी सुट्टी संपली. पीक काढायला दहाबारा दिवस राहिले होते आणि बँगर शहरातल्या इस्पितळातून वेल्डनला बोलावणं आलं. अपघातानंतर पाठीत बसवलेली धातूची पट्टी हलली होती, ती लगेच सारखी करायची होती. तो खाली आला आणि त्यानं किल्ली लिओनाच्या हातावर ठेवली.

"तुम्हाला बघायचं नाही हे माहीत आहे मला. पण दुसरं कोण आहे? दिवा लागल्यावरच दार उघडा आणि एकेक तांब्या पाणी घाला. बाकी काही करू नका."

"बघते," लिओना म्हणाली, जमेल तितक्या रुक्ष आवाजात. किल्ली तिनं मुठीत अशी धरली होती की तळहातावर वळ उठला.

त्या संध्याकाळी दिवा लागल्या लागल्या ती वर गेली. खोलीत चारी भिंतींना पांढरं प्लास्टिक, वर दिवा, आणि मध्ये तिच्या खांद्याइतकी उंच झाडं. पानं तीच, गावातल्या त्या गांजाच्या दुकानाच्या पाटीवर असतात ती, हाताच्या बोटांसारखी पसरलेली. पाटीवर पान, पोरांच्या टी-शर्टवर पान. म्हणजे सगळी करामत पानात, हे लिओनाला न सांगता कळत होतं. पण फुलं असली कसली? ना पाकळी, ना रंग. नुसते केसाळ जाड तुरे, कणसासारखे फांदीला चिकटलेले. तिनं वाकून पाहिलं, मागून पाहिलं, वास घेतला. पाणी घालायला जेमतेम पाच मिनिटं लागली असतील, पण ती खाली आली तेव्हा चुलीवरचं सूप आटून करपलं होतं. दुसऱ्या दिवशी तिनं वर खुर्चीच नेऊन ठेवली.

आणि खुर्चीत बसून बघता बघता तिसऱ्या संध्याकाळी तिला ते दिसलं. तुऱ्यांवर पांढरं पीठ भुरभुरल्यासारखं साचलं होतं. टोकाला दाट, खाली विरळ. तिनं बोट लावलं, चिकट. खालची पानं पिवळी पडायला लागली होती आणि तुऱ्यांचे केस तांबूस झाले होते.

हे लिओनाला नवीन नव्हतं. याच उन्हाळ्यात तिच्या अंगणातले सगळे भोपळे भुरी रोगानं नेले होते. अगदी हेच पांढरं पीठ, हीच पिवळी पानं. वरून चिकट, म्हणजे मावा ही कीडही असणार.

तिनं इस्पितळात फोन केला. "ते शस्त्रक्रियेच्या खोलीत आहेत," नर्स म्हणाली. "तातडीचं आहे का?"

"त्याच्या झाडांना..." लिओनानं सुरुवात केली आणि तिची तिलाच लाज वाटली. "काही नाही. राहू दे."

मग क्लोडेट. तिला फोनवर नुसतं 'भुरी' म्हणायचा अवकाश.

"काप आणि जाळ! विचारत काय बसलीस? बाबांचं विसरलीस?"

लिओना विसरली नव्हती. या नदीकाठची माणसं बटाट्यावर वाढलेली. त्या दोघी लहान असताना वडिलांना शेताच्या कडेला करप्याचे डाग दिसले होते. कुणा जाणत्याला विचारू म्हणून ते थांबले, आणि तोवर सगळं शेत काळं पडून कुजलं. त्या हिवाळ्यात आईनं प्लॉयवर, म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या पातळ धिरड्यांवर, सगळ्यांची पोटं भरली होती. रोग दिसला की विचारायला थांबायचं नाही, हे तेव्हापासून दोघींच्या हाडात मुरलं होतं.

तिनं कात्री उकळत्या पाण्यात धुतली आणि कामाला लागली. पांढरा दिसला तो प्रत्येक तुरा तिनं उतरवला. पान मात्र एकही दुखावलं नाही. वेल्डनचं औषध होतं ते. वरून दूध-पाण्याचा फवारा मारला, भोपळ्यांवर मारतात तसा. तुरे टोपलीत भरून परसात नेले आणि बटाट्याचे रोगट वेल जाळायच्या पत्र्याच्या पिंपात टाकून काडी लावली. धूर चांगलाच झाला. बघायला आलेली क्लोडेट मफलरआड नाक दाबून उभी होती.

"लिओना, वारा चर्चकडं चाललाय गं. फादर उद्या प्रवचनात हसत सुटले तर मला विचारू नकोस."

दोघी पोट धरधरून हसल्या. लिओनाला फार हलकं वाटत होतं. वेळेवर हात चालवला म्हणून झाडं वाचली होती.

वेल्डन चाकांचा वॉकर ढकलत परत आला त्या दिवशी तिनं कोंबडीचा रस्सा आणि प्लॉय करून ठेवले होते. पण त्याला आधी वर जायचं होतं. एकेक पायरी चढताना त्याच्या कपाळावर घाम आला. लिओना पुढं झाली आणि तिनंच दार उघडलं. शाबासकी कुठल्या शब्दांत मिळते याची तिला भारी उत्सुकता होती.

वेल्डन दारातच थांबला.

"फुलं कुठं गेली?"

"भुरी धरली होती रे! टोकापासून पांढरी पडली होती. कापली आणि जाळून टाकली. पण पानं बघ. एक पान हलवलं नाही मी."

तो तिच्या खुर्चीत बसला. जवळच्या झाडाचा छाटलेला शेंडा त्यानं बोटांनी चाचपला. मग म्हणाला, "मिसेस पेल्टिए, औषध पानात नसतं."

"म्हणजे?"

"फुलात असतं. आणि ती भुरी नव्हती."

त्यानं खणातून भिंग काढलं. अगदी बुंध्याशी, पानाआड, तिच्या कात्रीतून सुटलेला एक बोटभर तुरा होता. भिंग तिच्या हातात देऊन तो म्हणाला, "बघा. इतके दिवस बघायचं होतं ना तुम्हाला?"

लिओना गुडघ्यांवर बसली. आधी सगळं धूसर होतं, मग एकदम स्वच्छ झालं. पीठ नव्हतंच ते. बारीक बारीक काचेच्या दांड्या होत्या, दाटीवाटीनं उभ्या, आणि प्रत्येकीच्या डोक्यावर एक गोल चमकता थेंब. आयुष्यभर झाडांत हात घातलेल्या बाईनं इतकं सुंदर काही पाहिलं नव्हतं.

"तो थेंब म्हणजे औषध," वेल्डन मागून म्हणाला. "जितकं पांढरं, तितकं चांगलं. यंदा फार चांगलं आलं होतं."

तिनं भिंग खाली ठेवलं.

"मी तुझा हिवाळा जाळला," ती म्हणाली.

"हो," वेल्डन म्हणाला.

तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं किल्ली मागून घेतली, "आभारी आहे" म्हणाला, खाली येऊन रस्साही जेवला. ते आभार लिओनाच्या जिव्हारी लागले.

पहिला बर्फ पडला, वेल्डनचा आधीच्या पिकाचा साठा संपला आणि छतातला आवाज परत आला. दुकानातून काहीबाही आणून तो पाहत होता. आवाज कमी व्हायचा, थांबायचा नाही. लिओना कणीक कालवत असायची आणि वर धाडधाड सुरू व्हायचं. ती पीठ लागलेले हात तसेच धरून उभी राहायची.

"जाणार तो घर सोडून," क्लोडेट म्हणाली. "मी त्याच्या जागी असते तर तुला कोर्टात खेचलं असतं."

"आणि काप-जाळ कोण म्हणालं होतं गं?"

"मी म्हणाले. पण माझं कधीपासून ऐकायला लागलीस तू?"

लिओनाला हसू आलं नाही. पुढचे काही दिवस ती कसलीतरी चौकशी करत फिरली. नगरपालिकेत जाऊन आली, त्या पानाची पाटी लावलेल्या दुकानातही शिरली आणि काउंटरवरच्या मुलीला प्रश्न विचारून विचारून घाम फोडला. मग एका दुपारी जिना चढून तिनं वेल्डनचं दार वाजवलं.

"माझं वय एकवीसच्या वर आहे, हे तुझ्या लक्षात आलं असेलच."

"अंदाज होता," वेल्डन म्हणाला.

"या राज्यात एकविशी ओलांडलेल्या कुठल्याही माणसाला स्वतःच्या घरात थोडी झाडं लावता येतात. माझी पुढची खोली रिकामीच असते. विकायचं नाही, पण कुणाला दिलं तर चालतं. मी विचारून आले. तुझी झाडं तुझी. मी माझी वेगळी लावते."

"कशाला?"

"पुन्हा कुणी अतिशहाणी भेटली तर तुझ्याकडं दुसरी सोय असावी म्हणून."

"अतिशहाणी खालीच राहते."

"म्हणून तर म्हणते, शिकव. रोग कुठला आणि फूल कुठलं, सगळं पहिल्यापासून. मी तोंड बंद ठेवून ऐकेन." ती थांबली. "निदान प्रयत्न करेन."

वेल्डननं तिच्याकडं नीट पाहिलं. मग वॉकरला धरून उठला आणि त्यानं भिंतीतलं कपाट उघडलं. आत एका छोट्या दिव्याखाली त्याच वाणाची बोटभर कलमं ओळीनं उभी होती. कपाट बंद होतं आणि त्यांना फूलही नव्हतं, म्हणूनच कात्रीतून वाचली होती. त्यानं एक कुंडी उचलली, तिच्यापुढं धरली, आणि तेवढ्यात त्याच्या पायात गोळा उठला. पाय कपाटाच्या दारावर आपटला. लिओनानं कुंडी झेलून जमिनीवर ठेवली आणि त्याला खुर्चीत बसवलं.

"जा तुम्ही. थांबतो तो आपोआप," तो दातांतून म्हणाला.

"गप्प बस."

ती खाली बसली आणि तिनं दोन्ही हातांनी त्याचा गुडघा दाबून धरला. इतके दिवस तिनं आवाज तेवढा ऐकला होता. मांडीचा स्नायू दगडासारखा टणक होत होता, सुटत होता, पुन्हा टणक होत होता, आणि तिचे कणीक मळून तयार झालेले हात त्याला पुरे पडत नव्हते.

"फुलायला किती दिवस लागतील यांना?" तिनं विचारलं.

"वसंत उजाडेल."

"आणि हे रोज होतं असं?"

"आता रोज," वेल्डन म्हणाला.

लिओनानं मान खाली घातली, पण हात काढले नाहीत.