आधी दार मोजा

मित्रांनो, मी एक जुनी मोजपट्टी आहे. लाकडाची, तीन कडांची. कारखान्यात माझ्या अंगावर बारीक रेघा ओढल्या गेल्या. त्यांच्यामुळे नकाशावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक मीटर, हे मला कळते. याला प्रमाण म्हणतात, आणि ते माझ्या प्रत्येक कडेवर वेगळे असते.

मी बत्तीस वर्षे एका बाईंच्या हातात काढली. इमारत उभी राहण्याआधीच त्या नकाशा मोजून विटा किती, फरशी किती, रंग किती ते सांगत. या कामाला टेकऑफ म्हणतात. भिंत मोजली की दाराखिडक्यांची वजावट करायची, मग फुटतुटीसाठी थोडी भर घालायची. त्यांचा नवरा गवंडी. तो चिडवायचा, "मी उन्हात मरतो आणि तू खुर्चीत बसून इमारती बांधतेस." बाई म्हणायच्या, "मी मोजलं नाही तर बसाल अर्ध्या भिंतीवर, विटांची वाट बघत."

पुढे कॉम्प्युटर आला. बाई तो शिकल्या, मुलीलाही शिकवला. मी खणात गेले. मग बाईच गेल्या. आठ महिने तो खण कोणी उघडला नाही.

मुलीने एकटीने केलेला पहिला टेकऑफ एका दवाखान्याच्या फरशीचा होता. त्या रंगाची फरशी कारखाना शेवटचीच काढणार होता. मागणी दुपारपर्यंत कळवायची होती. कमी पडली तर पुन्हा मिळणार नव्हती.

"पन्नास चौरस मीटर," मुलगी म्हणाली.

"सहा खोल्या, शिवाय बसायची जागा, आणि पन्नास? माझ्या गुडघ्यांना पटत नाही," गवंडी म्हणाला.

"बाबा, कॉम्प्युटरने मोजलंय."

उठून त्याने खण उघडला. "तुझी आई आधी दार मोजायची," म्हणत त्याने मला छापील नकाशावर ठेवले, तेही चुकीच्या कडेने. मुलीने मला त्याच्या हातातच फिरवले आणि वाकून पाहिले.

"पंचेचाळीस सेंटिमीटर."

"मग रोगी आत कसा न्यायचा? पत्रासारखा सरकवून?"

नकाशा छापताना निम्म्या आकाराचा झाला होता आणि तोच स्कॅन होऊन कॉम्प्युटरमध्ये गेला होता. मुलीने मात्र त्यावर लिहिलेले प्रमाणच कॉम्प्युटरला दिले होते. लांबी निम्मी, रुंदी निम्मी, म्हणून फरशी पावपट. तिने दाराच्या दोन टोकांना खुणा केल्या आणि हे अंतर, नेहमीच्या दाराचे असते तसे, नव्वद सेंटिमीटर आहे, असे कॉम्प्युटरला सांगितले. याला प्रमाण जुळवणे म्हणतात. आकडा दोनशेवर गेला. त्यात फुटतुटीची भर घालून तिने मागणी कळवली.

महिन्याभराने गवंडी गुडघे चोळत घरी आला. "झाली फरशी. अकरा उरल्या."

"आई म्हणाली असती, अकरा जास्तच," मुलगी म्हणाली. दोघे हसले.

मित्रांनो, यंत्राला दोष देऊ नका. सांगाल तसेच ते बिचारे मोजते. मात्र आपल्याला पक्की ठाऊक असलेली एक गोष्ट आधी मोजून पाहा. आणि गेलेल्या माणसाच्या वस्तू फार दिवस बंद ठेवू नका. त्यांना काम द्या.