उंदराचं पाऊल

“पाऊल आहे ते, बाई. लिहा.”

“झटका आहे, सर.”

काचेच्या तबकात पांढरा उंदीर कुशीवर पडला होता. सात आठवड्यांपूर्वी त्याचा मज्जारज्जू कापून त्या फटीत जिवंत पेशी पेरलेल्या जेलचा इवलासा पूल बसवला होता. त्या पुलावरून पलीकडे काही पोचलं का, हे पाहून गुण देणं प्राणीगृहातल्या बाईंचं काम.

“वीस वर्षं उंदरांचं मूत काढताय, आता मलाच शिकवा.” संशोधक सर हसले. त्या हसण्याला दात होते, ओठ नव्हते.

“सकाळ-संध्याकाळ पोट दाबून मीच मोकळं करते ना याला. आत्ताच दाबलं, म्हणून पाय उडाला. अर्धा तास थांबून बघू.”

“थांबायला वेळ कुणाला आहे? या गुणांवर माणसांवरच्या चाचणीचा अर्ज जायचाय. यादीत तुमच्या भावाचं नाव मीच घातलंय. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घ्यायची हौस असेल, तर मारा.”

भाऊ मणका मोडून सहा वर्षं अंथरुणाला खिळलेला. चादर ओढली तरी त्याचा पाय असाच उडे. पहिल्या वर्षी दोघांनी त्या उडण्याला आशा समजून पोसलं होतं, सापाला दूध पाजावं तसं.

बाई अर्धा तास तबकाशी उभ्या राहिल्या. सर येरझारा घालत होते. उंदीर हलला नाही. बाईंनी रकान्यात शून्य लिहिलं आणि खाली सही केली.

“उद्यापासून पिंजरे धुवा,” सर म्हणाले. “गुण दुसरं कुणी देईल.”

बाई घरी पोचण्याआधीच भावाला सरांचा फोन पोचला होता.

“घातलीस ना माती?” भाऊ भिंतीकडे बघत म्हणाला.

“तो चालला नाही रे.”

“उंदीर गेला खड्ड्यात. एक आकडा लिहायला तुझं काय जात होतं?”

“त्याच आकड्यावर उद्या तुझी पाठ उघडली असती त्यांनी.”

“उघडू दे. पाठ माझी आहे.”

बाईंनी त्याची उशी सारखी करायला हात पुढे केला.

“बाहेर हो, ताई. हाक मारेन तेव्हाच ये.”

त्याची लघवीची नळी घालायची वेळ झाली होती; ती रोज बाईच घालत. बाईंनी कोपरापर्यंत हात धुतले आणि दाराबाहेर स्टुलावर बसल्या, ओले हात हवेत धरून, कशालाही न लावता. हात वाळले. हाक आली नाही. त्या उठल्या, हात पुन्हा धुतले, पुन्हा येऊन बसल्या.