गुलाबी बुचांचा अँटेना

मी गच्चीवरचा अँटेना. टीव्हीचा नव्हे, तो केव्हाच भंगारात गेला. मी हौशी रेडिओवाल्याचा. ॲल्युमिनियमच्या तीन पोकळ नळ्या एकात एक बसवून मला उभं केलंय. बुडाशी एक डबी आहे, खोलीतल्या रेडिओची तार तिथे येऊन मिळते. दिसायला मी नुसती काठी, पण माझ्या जोरावर समुद्रापलीकडे गप्पा चालायच्या.

माझे मालक कवळ्या बनवतात, म्हणून सगळे त्यांना कवळीवालेच म्हणतात. त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे दादा, समुद्रापलीकडे एकटे राहतात. त्यांच्याकडेही असाच रेडिओ आहे. हे दोघे फोनवर बोलले की भांडलेच म्हणून समजा. दोघंही एकाच वेळी बोलणार, ऐकणार कोण? शेवटी दादांनी ‘पुन्हा तुझा फोन उचलणार नाही’ म्हणून फोन आपटला आणि शब्द पाळला. रेडिओवर मात्र एकानं ‘ओव्हर’ म्हटल्याशिवाय दुसऱ्याला तोंड उघडता येत नाही. त्यामुळे दर रविवारी सकाळी नऊला हे दोन हट्टी म्हातारे शहाण्यासारखं एकमेकांचं ऐकून घ्यायचे. त्या तासाची मी आठवडाभर वाट बघायचो.

माझा जाच म्हणजे किडे. पोकळ नळी दिसली की त्यांना आयतं घर मिळतं. वरच्या टोकातून गांधीलमाश्या शिरल्या. पाणी निथळायला बुडाशी ठेवलेल्या छिद्रात कुंभारमाशीनं चिखल भरला. डबीत तर मुंग्यांनी अंड्यांसकट संसार थाटला.

“अरे, तू बोलतोयस की कढईत काही तळतोयस? ओव्हर,” दादा एका रविवारी म्हणाले.

कवळीवाल्यांना ते फार लागलं. त्यांनी मला आडवं करून आतून घासलं आणि कवळ्यांचं गुलाबी प्लास्टिक कालवून वरचं टोक बुजवलं, डबीच्या फटी बुजवल्या. त्याच भरात बुडाचं छिद्रही बुजवलं. दुसरा कुणी असता तर त्यानं पाण्याला वाट ठेवली असती. पण यांचा उभा जन्म हिरडी आणि कवळीतली फट मिटवण्यात गेलेला. केसभर फट राहिली तरी यांना चैन पडत नाही.

“अहो, याला हिरड्या बसवल्यात की काय?” काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, विचारलं.

“आता मुंगीचा बाप आला तरी शिरणार नाही.”

आणि खरंच, पुढचे काही रविवार दादांचा आवाज शेजारच्या खोलीतून यावा तसा स्वच्छ आला. मग एकदा ते अडखळत म्हणाले, “अरे, एकट्यानं आता जमत नाही मला. तुमच्याकडे राहायला येऊ का? आज उत्तर देऊ नकोस. घरात विचार, पुढच्या रविवारी सांग. ओव्हर.”

विचारायचं काय त्यात! काकूंनी त्याच दुपारी मागच्या खोलीतलं कपाट रिकामं केलं.

त्या आठवड्यात चार दिवस पाऊस लागून राहिला. पाणी माझ्या सांध्यांतून आत झिरपतंच, एरवी ते छिद्रातून निघून जायचं. आता ते साठत साठत डबीपर्यंत चढलं.

रविवारी कवळीवाले म्हणाले, “दादा, ये. कपाटसुद्धा रिकामं केलंय. ओव्हर.” ते शब्द माझ्या बुडापाशीच बुडाले. मी खूप धडपडलो हो, पण काही केल्या ते वर जाईनात. तिकडून दादांचा आवाज मात्र क्षीण का होईना, येत होता. “आहेस का तू? ओव्हर.” असं त्यांनी कितीतरी वेळा विचारलं. शेवटी म्हणाले, “बरं. समजलो मी.”

त्यानंतर ते बोललेच नाहीत.

संध्याकाळी कवळीवाल्यांनी बुडाचं बूच टोकरून काढलं, तर ग्लासभर गढूळ पाणी त्यांच्या पायावर पडलं. काकूंनी जुन्या चहाच्या गाळणीची जाळी कापून छिद्रावर बांधली. पाणी जाईल, मुंगी येणार नाही. त्या रागावल्या नाहीत, आणि तेच कवळीवाल्यांना जास्त लागलं असावं.

पाच रविवार मी जीव तोडून हाका पोचवल्या. तिकडून उत्तर नाही. फोनही कुणी उचलेना.

“त्यांनी तोंडानं ‘येऊ का’ म्हटलं आणि आपण गप्प राहिलो, असंच त्यांना वाटणार,” काकू म्हणाल्या. “आता तुम्ही स्वतः जाऊन घेऊन या.”

कवळीवाले बुधवारी पिशवी घेऊन निघाले.

आज रविवार. नऊ वाजून गेले. रेडिओ बंद आहे. काकू वर आल्या, जाळी चाचपून पाहिली आणि माझ्यावर हात ठेवून म्हणाल्या, “दादा येतील ना रे?”

मी काय सांगणार? तुम्हाला एवढंच सांगतो, किड्यांना अडवा, पण पाण्याची वाट बुजवू नका.

दादा आले तर माझं काम संपलं, हे मला कळतं. भाऊ खाली समोरासमोर बसतील, मला कोण विचारतो? फार तर कपड्यांची दोरी बांधतील. बांधू देत. एकोणीस वर्षं तो आवाज मी समुद्रावरून आणला. आता तो एकदा इथे, गच्चीवर, माझ्या शेजारी ऐकायचाय. त्यात माझा काहीच हात नसला तरी चालेल.