मोराचं पाऊल

रिठदच्या शिवारात जानरावाच्या शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, एक काळा खडक होता. सकाळपासून जानराव त्या खडकाला पाठ लावून बसला होता, आणि पहार त्याच्या मांडीवर आडवी होती.

खडकावर जुन्या काळच्या मोजणीवाल्यांनी बाण कोरला होता. तीन रेघा, मोराच्या पावलासारख्या. त्याची बायको रंगूबाई लग्न होऊन आली तेव्हापासून त्यावर तेलात कालवून शेंदूर लावायची. पुटावर पूट चढत गेलं. पोळ्याच्या आधी ती गेली. शेवटच्या पुटात तिच्या बोटांचे ठसे उमटलेले होते. घरात तिचा धड एक फोटोही नव्हता.

समोर यूसरा उभी होती. कारंज्याच्या बांगडीवाल्याची मुलगी, मोजणीच्या नोकरीत. गावात ती बेंचमार्क, म्हणजे मोजणीच्या खुणेचा दगड, विचारत फिरली तेव्हा कुणाला काही कळेना. मग तिनं मातीत बाण काढून दाखवला. शेजारचा मारोतराव हसला, म्हणाला, हे त रंगूवहिनीचं मोराचं पाऊल.

तिनं जानरावाला सगळं समजावलं होतं. समुद्र किती चढला हे बंदराच्या धक्क्यावरची मोजपट्टी सांगते. पण धक्काच खचत असला तर पाणी उगाच चढलेलं दिसतं. उपग्रह वरून पाणी मोजतो, त्याचा आकडा वेगळा येतो. खरं काय ते कळायला न हलणारा दगड लागतो. त्या धक्क्यापासून उंची मोजत मोजत पूर्वी इथवर आणली होती. आता याच दगडावर यंत्र ठेवून उपग्रहांकडून उंची घ्यायची आणि जुन्या उंचीशी ताडून पाहायची होती.

"समुद्र वर्षाले तीन-चार मिलिमीटर चढते, काका. हा शेंदूर बोटभर हाय. दगड उघडा लागते."

"समुद्र रिठदले आला का मंग काढू," मारोतराव म्हणाला. जानराव हसला नाही. हात लावायचा नाही, एवढंच तो बोलला.

ऊन चढलं तशी माणसं जमली. त्यांत गावात पुढारपण करणारा जगदेव होता. त्यानं मुलीला नाव विचारलं. तिनं सांगितलं. त्याचा आवाज बदलला.

"हे शेंदराले ब्रश लावून राह्यली? जानरावभाऊ, तुमी बसाच. आमच्या देवाले कोण हात लावते ते पाहू."

दोघातिघांनी मोबाईल वर धरले. यूसरानं हातातला तारेचा ब्रश हळूच खाली ठेवला. मारोतराव मागे सरकला. सकाळपासून आपल्या बाजूनं कुणी उभं राहावं असं जानरावाला वाटत होतं, आणि आता ही माणसं उभी होती.

"मी जाते काका," ती म्हणाली.

ती गेली तर उद्या इथं टिनाचं शेड येणार, परवा पाटी लागणार. त्यावर जगदेवचं नाव असणार, रंगूबाईचं नाही.

"थांब पोरी." जानराव उठला. "जगदेव, तू कवा तेलाचा थेंब तरी टाकला इथं?"

"देव सगळ्याइचा असते."

"देव नाई हा. माह्या बायकोचं मोराचं पाऊल हाय. तिनं कवा देव म्हटलं नाई. तू कायले म्हणतं?"

मोबाईल वरच होते.

जानरावानं रंगूबाईच्या ठशात आपलं बोट घालून पाहिलं. बोट जाड होतं, बसलं नाही. मग त्यानं कमरेचं खुरपं काढलं आणि खडकाला टेकवलं. पहिल्या घावाला ठसे गेले. आख्खं पूट निघेल असं त्याला वाटलं होतं, पण त्याचा चुरा झाला. वर केशरी, खाली लाल, त्याच्याखाली तेलानं काळा पडलेला. तो खरवडत राहिला. तीन रेघा उघड्या पडेपर्यंत एकेक जण निघून गेला. जगदेव सगळ्यात शेवटी गेला.

यूसरानं रुमाल पुढे केला. चुरा बांधून ठेवायचा का, विचारलं.

"काय करू ठेवून," जानराव म्हणाला. "लाव तुहं यंत्र."